तीन पानांची जादू

लोखंडाचं गोल वायसर तिसऱ्यांदा हातातून निसटलं आणि गडगडत बाकड्याखाली गेलं.

"काय करून राहिले नागसेनभाऊ?" दुकानाच्या दारातून किशोरनं विचारलं. त्याच्या संत्र्याच्या बागेतली मोटार जळून दोन दिवस झाले होते आणि ती समोरच पोट उघडं टाकून पडली होती.

"काई नाई. बोटायचा व्यायाम." नागसेन वाकला, वायसर शोधून त्यानं खिशात टाकलं आणि पुन्हा तांब्याची तार हातात घेतली.

"मोटार उद्या भेटन का मंग?"

"भेटन ना. संध्याकाळी येजा."

मोर्शीच्या बसस्टँडमागे नागसेन खंडारेचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान एकोणतीस वर्षांपासून होतं. जळलेली मोटार खोलायची, काळी पडलेली तार खाचांतून ओढून काढायची, नवी तार एकेक वेढा दाबून भरायची. बोअरचं पाणी जसजसं खोल गेलं तसतशा मोटारी जास्त जळू लागल्या, त्यामुळे त्याला कामाची वाण कधी पडली नाही. त्याच्या हातची मोटार दोन हंगाम तरी कुरकुर करत नाही, असं बागाईतदार म्हणत. त्या हाताला छप्पन्नाव्या वर्षी तो नवीन काहीतरी शिकवू पाहत होता आणि हात ऐकत नव्हता. एक नाणं तळहातात दडवायचं आणि हात मोकळा असल्यासारखा ठेवायचा, एवढंच. दुकानात नाणं काढायची लाज वाटायची म्हणून तो वायसरवर सराव करी. तळहात इतके राठ झाले होते की त्यात काही टेकलं आहे की निसटलं, हेच त्याला कळत नसे.

हे सगळं सुरू झालं ते ललिताच्या हसण्यामुळे.

ललिता त्याची बायको. वॉर्डातल्या अंगणवाडीची सेविका. चाळीस पोरं एका हाकेत बसवणारी आणि सुपरवायझर बाईलाही तोंडावर चार शब्द सुनावणारी. मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी पोहे निवडता निवडता ती कलंडली. लकवा. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. तिच्याजवळ एकच शब्द उरला, हाव, म्हणजे हो. भूक लागली का? हाव. आताच जेवली ना वं? हाव. दुखते का? हाव. नाई ना दुखत? हाव. पहिले काही दिवस नागसेन एकच प्रश्न उलटसुलट करून विचारत राहिला. मग त्यानं विचारणं कमी केलं आणि अंदाजानं वागू लागला. अंदाज चुकला की ललिता डावा हात खुर्चीवर आपटायची.

व्यायाम करून घ्यायला अमरावतीहून आठवड्यातून दोनदा रागिणी मॅडम यायच्या. एका सकाळी ललिता त्यांना अंगाला हात लावू देईना. रागिणी मॅडमनी पर्समधून दहाचं नाणं काढलं, उजव्या मुठीत घेतलं, फुंकर मारली, मूठ उघडली तर नाणं नाही. मग हात लांब करून त्यांनी ते ललिताच्या कोपराखालून काढलं.

ललिता हसली. घसा मोकळा करून, पार पोटातून. पदर सरकला, डोळ्यांत पाणी आलं. दहा महिन्यांत त्या घरात कोणी असं हसलं नव्हतं. नागसेन हातातला चहा तसाच धरून उभा राहिला.

"मॅडम, हे मले शिकवा," तो त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला तेव्हा म्हणाला.

"अहो काका, मला एवढं एकच येतं. कॉलेजात कोणीतरी दाखवलं होतं. तुम्ही मोबाईलवर पाहा ना, ढिगानं आहेत." आणि मग त्या म्हणाल्या, "काका, पुढच्या महिन्यापासून मी नाही येणार. नागपूरला जातेय. लग्न ठरलंय."

मोबाईलवर खरंच ढीग होता. नागसेन फोनच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाला, "जादू शिकाची हाय," आणि समोर जादूगारांची रांग लागली. एकजण चमचा वाकवत होता, एकजण पत्ता हवेत उडवत होता. सगळे हिंदीतून, घाईत, दोस्तांनो दोस्तांनो करत. सुरुवातीला ते जादू करत, मग बटण दाबा म्हणत, मग जादूचं गुपित सांगत. गुपित कळलं की नागसेनला वाटायचं, आली. हातात नाणं घेतलं की कळायचं, काही आलेलं नाही. एक आवडली नाही की दुसरी, दुसरी जमली नाही की तिसरी. महिनाभरात त्याच्या फोनमध्ये त्रेचाळीस जादू साठल्या. त्यांतल्या एकीलाही त्याचा हात वळत नव्हता.

पुण्याहून मुलीनं, प्रतीक्षानं, जादूचा डबा पाठवला. "बाबा, नवशिक्यांसाठी हाच घ्या म्हणतात सगळे. यात सामानच जादू करतं, हाताला काही करावं लागत नाही."

डब्यात प्लॅस्टिकच्या वाट्या होत्या, दुहेरी तळाची डबी होती आणि एक रबराचा अंगठा होता. तो आपल्या अंगठ्यावर चढवायचा आणि त्याच्या पोकळीत रुमाल लपवायचा. अंगठा गुलाबी होता. नागसेनच्या हातावर तो असा दिसायचा की दुसऱ्या कोणाचा कापून आणून लावला आहे. त्यानं त्याला पंख्याच्या मोटारीचं वार्निश मारलं. एक हात, दोन हात. रंग बसला, पण अंगठा भाजल्यासारखा झाला. तरी त्यानं तो घालून ललितासमोर रुमाल गडप करायला घेतला. ती रुमालाकडे न पाहता अंगठ्याकडे पाहत राहिली. मग तिनं तोंड फिरवलं आणि डाव्या हातानं त्याला दूर ढकललं. ती भ्याली होती.

"जाऊ दे वं, फेकून देतो हे," नागसेन म्हणाला.

"हाव."

शेजारच्या पार्बताबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. "काहून त्रास देतं रे तिले?" त्या म्हणाल्या. "तुहं काय वय हाय काय हे?"

नागसेननं अंगठा ओढून काढला आणि डब्यात टाकला.

मग तांब्याची तार आणायला अमरावतीला गेला तेव्हा तो राजकमल चौकाजवळ फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडून बसणाऱ्याकडे थांबला. त्या माणसानं दोन पुस्तकं पुढे टाकली. एक मराठी, पातळ, पोरांसाठी. काड्यापेटी, लिंबू, अंडं बाटलीत. दुसरं इंग्रजी, जाडजूड, कव्हर फाटलेलं, पण पानोपानी हातांची चित्रं. बोटं कशी, अंगठा कुठं, नाणं कुठं. नागसेन कितीतरी वेळ एक खाली ठेवून दुसरं उचलत राहिला.

"तुमाले शिकाचं कोनतं हाय?" पुस्तकवाल्यानं विचारलं.

"तेच तं समजून नाई राहिलं."

"मंग चित्रवालं न्या. लिंबू तं घरोघरी असते."

नागसेन दहावी आणि आयटीआय झालेला. इंग्रजी अक्षर लागायचं, अर्थ लागायचा नाही. त्यानं फोनचा कॅमेरा पानावर धरला. फोननं मराठी करून दिलं, 'नाणे आपल्या ताडाच्या मध्यभागी ठेवा आणि ताड नैसर्गिकपणे खाली लटकू द्या.' नागसेननं ते चारदा वाचलं. तळहाताला आणि ताडाच्या झाडाला इंग्रजीत एकच शब्द आहे, हे त्याला प्रतीक्षानं फोनवर सांगितलं तेव्हा तो बऱ्याच दिवसांनी हसला. हसता हसता थांबला. आपण हसतो आहोत आणि समोर ललिता भिंतीकडे पाहत बसली आहे, हे त्याच्या लक्षात आलं.

पुस्तकाच्या पहिल्या पानावर जांभळा शिक्का होता. शेखर भालतिलक, चित्रकला शिक्षक, जठारपेठ, अकोला.

पुढच्या रविवारी ललिताला पार्बताबाईंच्या स्वाधीन करून नागसेन अकोल्याच्या बसमध्ये बसला. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा त्याच्या मनात आलं, हा माणूस असेल का तरी? असला तर आपण त्याला काय सांगायचं? मोटारमिस्त्री आहे, जादू शिकवा?

भालतिलकसर होते. अठ्ठ्याहत्तरीचे, अंगात घरचाच सदरा, डोळ्यांचे पडदे गेलेले. समोरचं काही दिसत नसे, कडेकडेचं थोडं दिसे, म्हणून ते मान वाकडी करून बोलत. पुस्तक हातात देताच त्यांनी त्याचा वास घेतला.

"हे माझंच. दिसेनासं झालं तेव्हा मुलानं सगळी रद्दीत काढली." त्यांनी पानांवरून बोट फिरवलं. "तुम्ही आतापर्यंत काय काय पाहिलंत?"

नागसेननं सगळं सांगितलं. त्रेचाळीस जादू, डबा, वार्निशचा अंगठा, ताडाचं झाड. ताडापाशी सर खो खो हसले. मग म्हणाले, "शिकायला लागणाऱ्या प्रत्येकाचं असंच होतं. गुपितं गोळा करत सुटतो. मोबाईल वाईट नाही हो. पण तो मोबाईलमधला माणूस तुमचा हात पाहत नाही. मलाही दिसत नाही, पण मला धरता तरी येतो. आणा इकडे."

त्यांनी नागसेनचा डावा हात दोन्ही हातांत घेतला, तळहात चाचपला, बोटं एकेक करून वाकवली.

"काय काम करता?"

"मोटार भरतो, सर."

"वाटलंच. लाकूड झालंय याचं. रोज कोमट पाण्यात बुडवा, तेल लावा. कातडी नरम झाल्याशिवाय नाणं धरणार नाही." मग त्यांनी पुस्तक घेतलं, अंदाजानं उघडलं, नागसेनकडून पानाचे आकडे वाचून घेतले आणि तीन पानांचे कोपरे दुमडले. "ही तीन पानं. बाकीचं पुस्तक बंद. फोनमधलं सगळं पुसून टाका. सुरुवातीला एक गुरू, एक खेळ."

त्यांनी ती तीन पानं मराठीत सांगितली आणि नागसेननं तारेच्या बिलामागे लिहून घेतली. शेवटी सर म्हणाले, "आणि एक. नाणं उजव्या हातात घेतल्याचं नाटक करायच्या आधी ते खरंच उजव्या हातात घ्या. शंभरदा घ्या. खरं घेताना तुमचा हात कसा दिसतो, नजर कुठं जाते, हे आधी तुम्हाला कळलं पाहिजे. मग खोटं घ्या. बरं, दाखवायची कोणाला आहे?"

"बायकोले." नागसेननं थोडक्यात सांगितलं.

आतून त्यांच्या सुनेनं चहा आणून ठेवला.

"जादूगार रोज गाव बदलतो," सर म्हणाले. "एकाच माणसाला तोच खेळ रोज दाखवायचा, हे मी कधी केलं नाही. ते कसं करायचं, मला नाही सांगता येणार."

नागसेन कामाला लागला. सकाळी ललिताचं अंघोळपाणी, भरवणं आटोपलं की कोमट पाणी भरलेल्या पितळी गंजात हात बुडवून बसायचा. मग खोबरेल. मग नाणं घ्यायचं, खरंच घ्यायचं, मोजून शंभरदा. महिन्याभरात तळहात नरम पडला. तसं दुकानात वेगळंच झालं. तार खाचेत दाबताना बोटं कापू लागली. एकोणतीस वर्षांत जिथं ओरखडा उठला नव्हता तिथं रोज रक्त. पट्ट्या बांधून काम उरकेना. किशोरची दुसरी मोटार तीन दिवस लांबली तेव्हा तो बोललाच, "भाऊ, तुमचं ध्यान नाई राह्यलं आता." नागसेननं बोटावर नवी पट्टी गुंडाळली.

अडीच महिन्यांनी नाणं हातात राहिलं. आरशासमोर त्यानं ते गडप केलं आणि त्याचं त्यालाच क्षणभर वाटलं, गेलं कुठं?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ललिताची खुर्ची खिडकीशी ओढली, समोर स्टूल घेऊन बसला. "पाह्य बरं," म्हणाला. नाणं दाखवलं, घेतलं, फुंकर मारली, मूठ उघडली. रिकामी. मग तिच्या कोपराखालून काढलं.

ललिता हसली. तसंच, पोटातून.

त्यानं प्रतीक्षाला फोन लावून ते हसणं ऐकवलं. तिकडे ती रडत होती. त्यानं अकोल्यालाही फोन केला. सर म्हणाले, "हात वळला तर आता."

दुसऱ्या दिवशी ती हसली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी हसू मधेच वळलं. तोंड तेच, आवाज बदलला, आणि ललिता रडू लागली. हुंदके देऊन, श्वास कोंडेपर्यंत. नागसेन घाबरला. नाणं फेकून त्यानं तिला धरलं. "काय झालं वं? दुखते का? मी चुकलो का काई?" हाव, हाव, हाव, असं म्हणत ती पाऊण तास रडत राहिली. पार्बताबाई धावत आल्या. "तुले सांगून राहिली होती मी," म्हणाल्या आणि त्यांनी ललिताचं डोकं छातीशी घेतलं.

त्यानं आठ दिवस नाणं काढलंच नाही. तरी ललिता रडायची. भाकरी पुढे केली की रडायची. एकदा पंखा लावला तर हसली आणि पंख्याखालीच रडू लागली.

त्यानं तिला अमरावतीला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. बाहेर बाकावर बसले असताना समोरच्या म्हातारीला सुई टोचली आणि ती किंचाळली. ललिता खळखळून हसली. म्हातारीचा मुलगा रागानं पाहू लागला. नागसेननं हात जोडले. "बिमार हाय जी ते. मनावर घेऊ नोका." म्हणता म्हणता त्याच्या कानांवर ते हसणं पडत होतं. तेच होतं ते. नाण्याच्या वेळचं. जरासुद्धा फरक नव्हता.

डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. जादूचंही त्यानं सांगितलं, आवाज खाली करून.

"लकव्यानंतर काही जणांना असं होतं," त्या म्हणाल्या. "हसण्या-रडण्यावरचा मेंदूचा ताबा सुटतो. आतून आनंद झाला म्हणून हसल्या किंवा दुःख झालं म्हणून रडल्या, असं धरू नका. जरासं निमित्त पुरतं, कधी तेही लागत नाही."

"म्हंजे ते हसू तिचं नोयतं?"

"सांगता येत नाही. एखादं असेलही. वेगळं करायला काही साधन नाही आपल्याकडे." त्यांनी कागद पुढे ओढला. "गोळी देते. हे झटके कमी होतील. त्यांनाही त्रास होतो त्याचा, दमतात त्या."

"मॅडम, गोळीनं रडनंच जाईन, का हसनंई?"

"दोन्ही कमी होईल."

गोळ्यांची पट्टी दोन दिवस फळीवर तशीच राहिली. प्रतीक्षा फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही ठरवा." ठरवायचं काय, तेच त्याला कळत नव्हतं. ललिताला विचारणं शक्य होतं, उत्तर ठरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी जेवताना ती पुन्हा रडली, घास घशात अडकला, डोळे पांढरे झाले. पार्बताबाईंनी पाठीवर थापा मारून घास बाहेर काढला. ती निवल्यावर नागसेन उठला, पट्टी फोडली आणि गोळी साखरपाण्यात विरघळवून तिला चमच्यानं दिली. मग रोज देत राहिला.

तीन आठवड्यांत रडणं थांबलं. ललिता शांत जेवू लागली, सलग झोपू लागली. पार्बताबाई म्हणाल्या, "आता कसं मानूस वाटते." हसणं कधी थांबलं, ते कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

एका सकाळी भरवून झाल्यावर नागसेन स्टूल घेऊन समोर बसला. कितीतरी दिवसांनी त्यानं नाणं काढलं. हात विसरला नव्हता. नाणं दाखवलं, उजव्या मुठीत घेतलं, आणि सरांनी सांगितल्याप्रमाणे स्वतःही त्या मुठीकडे पाहिलं. फुंकर मारली. मूठ उघडून वर पाहिलं.

ललिता त्या हाताकडे पाहतच नव्हती. गुडघ्यावर सहज ठेवल्यासारख्या त्याच्या डाव्या हाताकडे ती पाहत होती. तिथंच नाणं होतं.

त्यानं पुन्हा केलं. जरा सावकाश, जरा जपून. तिची नजर उजव्या मुठीकडे वळलीच नाही. हात हलायच्या आधीच ती डाव्या हातावर जाऊन थांबली होती.

"तुले दिसते?" त्यानं विचारलं. "पयल्या दिवसापासून दिसून राहिलं होतं का वं?"

"हाव," ललिता म्हणाली.

तो तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. चेहरा शांत होता. त्यानं डावा हात उलटा करून उघडला. नाण्याचा गोल ठसा उठला होता, बोटांवर पट्ट्या होत्या. ललितानं ते सगळं एकदा पाहिलं आणि मान वळवून ती बाहेर पाहू लागली. रस्त्यावरून परतवाड्याची एसटी गेली. खिशात फोन वाजला, किशोरचा असावा, वाजून वाजून बंद झाला.

खिडकीतलं ऊन सरकत तिच्या डोळ्यांवर आलं होतं. नागसेननं नाणं फळीवर ठेवलं, उठला आणि तिची खुर्ची हातभर सावलीत ओढली.